कोपराशी बसणारा

चर्चची चावी बोर्गहिल्डने सकाळपासून तीनदा लपवली होती. आधी तिने ती पावाच्या डब्यात टाकली. मग मनात आलं, पाहुण्यांसाठी पाव काढायची वेळ आली तर? म्हणून चावी लोकरीच्या टोपलीत गेली. तिथून मांजरीने ती खाली पाडली, आणि वीतभर लांबीचं ते लोखंड फळ्यांच्या जमिनीवर असं आदळलं की बोर्गहिल्डने आधी दाराकडे पाहिलं. शेवटी तिने चावी अशा ठिकाणी ठेवली की जिथे परका माणूस हात घालणार नाही, आणि ती पुन्हा खिडकीपाशी येऊन बसली.

एरवी ही चावी दाराजवळच्या खिळ्याला लटकलेली असे. बोर्गहिल्ड रविवारी ऑर्गन वाजवायची, त्यामुळे चावी तिच्याकडेच. पण गेल्या तीन वर्षांत देशभर जुनी लाकडी चर्चं जळाली होती, आणि प्रत्येक आगीनंतर वर्तमानपत्रात ब्लॅक मेटल नावाचं कानठळ्या बसवणारं संगीत वाजवणाऱ्या लांब केसांच्या पोरांचे फोटो आले होते. तोंडाला पांढरा-काळा रंग, मनगटावर खिळे ठोकलेले पट्टे. गावाने मग राखणीच्या पाळ्या लावल्या. आज संध्याकाळी सहापासून बोर्गहिल्ड आणि शेजारच्या गुन्वाल्डची पाळी होती. आणि आजच दुपारी दोन वाजता तसलीच दोन पोरं तिच्या घरी येणार होती. तिनेच बोलावली होती.

फोन वाजला. गुन्वाल्ड होता.

"आली का ती भुतं?"

"दोन वाजायचेत अजून."

"चावी कुठंय?"

"आहे."

"आहे म्हणजे कुठं? बोर्गहिल्ड, माझं ऐक. अजूनही सांग त्यांना, बरं नाही म्हणून."

"मला अगदी बरंय."

"ते त्यांना कुठं माहितीये?"

"गुन्वाल्ड, तुझ्या आजोबांनी माझ्या आजीचं फिडल चुलीत घातलं. त्यांना तरी कुणी दारातून परत पाठवलं होतं का, बरं नाही म्हणून?"

हा टोला ती वर्षाकाठी एखादवेळीच वापरायची, म्हणून तो अजून लागत असे.

"ते वेगळं होतं," गुन्वाल्ड म्हणाला. "तेव्हा लोकांची श्रद्धा होती," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

पापाचं वाद्य म्हणून फिडल चुलीत गेलं, तरी त्यावरची धून गेली नव्हती. आजी ग्यूरो गाई पिळताना ती तोंडाने गुणगुणत राहिली. दुधाची धार आणि धून एका तालात. नात गोठ्याच्या दारात बसून ऐकायची. पुढे घरात पुन्हा फिडल आलं, दिसायला व्हायोलिनसारखं, वर चार तारा आणि त्यांच्याखाली आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या चार, तेव्हा तोंडातली धून बोर्गहिल्डने बोटांत उतरवली. या खोऱ्यात अशा काही धुना होत्या की त्या वाजवणाऱ्याला धरतात असं लोक म्हणत. एकदा धरलं की हात आपला राहत नाही. ग्यूरोचा मामा एका लग्नात वाजवत सुटला, कुणी थांबवलं नाही, तो बाकावरून कोसळला आणि त्याचा उजवा हात पुढे आयुष्यात खांद्याच्या वर गेला नाही. म्हणून नियम होता. ही धून एकट्याने वाजवायची नाही. वाजवणाऱ्याच्या उजव्या कोपराशी कुणीतरी बसायचं, आणि वेळ आली की हातातून गज काढून घ्यायचा.

एकतीस वर्षं बोर्गहिल्डच्या कोपराशी तिचा नवरा टोर्लाइव बसला. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ती बाकीचं सगळं वाजवत होती, ही एक धून सोडून.

आता डाव्या हाताची करंगळी सकाळी वळत नसे. तिच्या शेजारचं बोटही आखडू लागलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, या हिवाळ्यात आणखी वाढेल. चाळीस वर्षं तिने गावातल्या पोरांना शाळेत अक्षरं, पाढे, बासरी शिकवली होती, पण ही धून कुणी मागितली नव्हती. मुलगी म्हणायची, आई, टेप कर आणि संग्रहालयाला पाठवून दे. आणि मग महिन्यापूर्वी एक पत्र आलं, सुवाच्य अक्षरात, रेघा सोडून लिहिलेलं. आम्ही ब्लॅक मेटल वाजवतो, ग्यूरोची धून तुम्हाला येते असं ऐकलं, आम्हाला ती हवी आहे. खाली नाव होतं, ओड-गाइर. बोर्गहिल्डने ते पत्र आठ दिवस खणात ठेवलं. नवव्या दिवशी उत्तर लिहिलं. मागणारं दुसरं कुणी नव्हतं.

दोन वाजून पाच मिनिटांनी गंजलेली निळी व्हॅन अंगणात शिरली.

आधी ओड-गाइर उतरला. उंच, काळा चामडी कोट, गळ्यात उलटा क्रॉस. पायरीवर येताच त्याने बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो त्याने दुसऱ्या पायाखाली दडवला.

"नमस्कार बाई. गुहांच्या त्या वळणावर रस्ता चुकलो."

"सगळेच चुकतात तिथं. आत या."

दुसरा मागून आला. खांद्यावर टेपचं यंत्र, हातात थर्मास. केस डोळ्यांवर. त्याने नाव सांगितलं, "स्टाइनार," आणि बोर्गहिल्डने त्याच्याकडे निरखून पाहिलं. हा चेहरा तिने पाहिला होता. दीड वर्षापूर्वी, पलीकडच्या खोऱ्यातलं चर्च जळलं तेव्हा, वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर. पोलिसांनी दोन दिवस चौकशी करून सोडून दिलेला ढोलवाला.

पत्रात त्याचं नाव नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. "कॉफी टाकते."

तिने कपाटातून कॉफीचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि कॉफीच्या पुडीत खुपसलेली चर्चची चावी तिच्याकडे पाहू लागली. तिच्या मागे दोन पावलांवर स्टाइनार टेपची वायर सोडवत होता. तिने झाकण लावलं.

"कॉफी संपलीय," ती म्हणाली.

या खोऱ्यात पाहुणा आला आणि घरात कॉफी नाही, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. अंत्यविधीला जमलेल्या माणसांना घर कमी पडलं असेल, कॉफी नाही. ओड-गाइरने टेबलावरच्या वॅफलच्या ढिगाकडे पाहिलं, तपकिरी चीजच्या कापांकडे पाहिलं, तीन रिकाम्या कपांकडे पाहिलं. मग त्याने मान खाली घातली. बाईंना आपण इथं नको आहोत हे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलं हे तिलाही कळलं.

"आमच्याकडे आहे थोडी," स्टाइनार म्हणाला आणि थर्मास उघडला. "पंपावरची आहे. कडू आहे जरा."

अशा रीतीने बोर्गहिल्डने स्वतःच्या घरात पाहुण्यांची कॉफी प्यायली. तिचे कान तापले होते.

"रंग लावून नाही आलात," काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली.

"दुपारी नाही लावत," ओड-गाइर म्हणाला. "आई म्हणते, उशांचे अभ्रे खराब होतात."

"आणि गटातलं तुझं नाव काय?"

तो लाजला. "नात्तोर्न."

"आई काय म्हणते?"

"ओड-गाइरच म्हणते."

"मग मीही तेच म्हणेन."

स्टाइनार हसला नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. खिडकीतून, कुरणाच्या टोकाला, चर्च दिसत होतं. या वर्षीच्या उन्हाळ्यात गावाने मिळून त्याच्या लाकडी भिंतींना लावलेलं डांबर अजून चमकत होतं. हा किती वेळ बघतोय? बोर्गहिल्डने उठून पडदा अर्धा ओढला. "ऊन येतंय," ती म्हणाली. बाहेर ढग होते.

तिने फिडल पेटीतून काढलं. तारा त्या धुनेसाठी वेगळ्या सुरात जुळवाव्या लागत, खुंट्या कुरकुरत होत्या. ओड-गाइर श्वास रोखून ऐकत होता. तरफेच्या तारा एकदम जाग्या झाल्या तेव्हा त्याच्या अंगावर काटा आलेला तिला दिसला, आणि तिला जरा बरं वाटलं. मन लावून ऐकणारं पोर तिला लगेच ओळखू यायचं.

"आता नीट ऐका," तिने टोर्लाइवचं स्टूल ओढलं. "माझ्या उजव्या कोपराशी एकाने बसायचं. धुनेच्या तीन फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीच्या शेवटी मी डावा पाय दोनदा आपटते. तिसरी संपली आणि मी थांबले नाही, तर गज काढून घ्यायचा. मी डोळे वटारले तरी. शिव्या दिल्या तरी."

"तुम्ही शिव्या देता, बाई?"

"चाळीस वर्षं तिसरी-चौथीचे वर्ग सांभाळलेत."

"आणि नाही काढला तर?" स्टाइनारने विचारलं.

तिने त्यांना ग्यूरोच्या मामाची गोष्ट सांगितली. ओड-गाइरचे डोळे विस्फारले. हे त्याला फारच आवडलं होतं. त्याच्या सगळ्या गाण्यांत असलंच काहीतरी होतं.

"मी बसतो," स्टाइनार म्हणाला. "मला मोजता येतं. ढोलाचं कामच ते आहे."

बोर्गहिल्डने त्याच्या हातांकडे पाहिलं. रुंद हात, नखांच्या कडेला काळं ग्रीस. या हातांत दीड वर्षापूर्वी काय होतं, तिला ठाऊक नव्हतं. आपलं कोपर या हातांत द्यायचं?

"ओड-गाइर बसेल," ती म्हणाली. "तू यंत्र सांभाळ."

स्टाइनारने मान हलवली, जमिनीवर मांडी घातली आणि कानावर हेडफोन चढवले. त्याला वाईट वाटलं असावं, पण असं वाईट वाटून घ्यायची त्याला सवय होती असं दिसलं.

तेवढ्यात बाहेर पायरी करकरली. कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. बोर्गहिल्डला ती पावलं ओळखीची होती. तिने हाक मारली नाही.

तिने गज टेकवला.

पहिली फेरी बोटांना शोधतच गेली. अकरा वर्षांत धून कुठे गेली नव्हती, पण वाट बुजली होती. करंगळी दुखत होती. डावा पाय सरळ पडत होता, उजवा त्याच्यामागून किंचित उशिरा, गोठ्यातल्या दुधाच्या धारेसारखा. दोनदा आपटला. दुसरी फेरी. करंगळीचं दुखणं कधी गेलं ते कळलं नाही. खालच्या तारा वरच्या तारांना उत्तर देऊ लागल्या, मग वरच्या खालच्यांना, आणि मध्ये कुठेतरी बोर्गहिल्ड. तिसरी. डावा पाय दोनदा. आता हात येईल, तिला वाटलं.

हात आला नाही.

चौथी सुरू झाली. तिला थांबायचं होतं. आता थांबावं हे तिला स्पष्ट कळत होतं, जसं स्वप्नात कळतं की दार बंद करायला हवं. पण गज तिच्या हातात नव्हता, तिचा हात गजात होता. डोळ्यांसमोर फळ्यांची भिंत लांब गेली. छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडत होतं. एकाहत्तर वर्षांचं काळीज, तिच्या मनात आलं, किती फेऱ्या पुरेल? ती ओड-गाइरला हाक मारायला गेली, आणि तोंडातून धूनच आली, ग्यूरोच्या आवाजात. पाचवी. टोर्लाइव, ती म्हणत होती, काढ ना रे आता.

डावा पाय दोनदा आपटला, आणि बरोबर दुसऱ्या ठोक्यावर कुणीतरी कोपराखाली तळहात धरला. दुसऱ्या हाताने गज वर उचलला. ओढला नाही, उचलला. भरलेली बशी उचलावी तसा.

खालच्या तारा थोडा वेळ आपल्या आपण वाजत राहिल्या. मग त्याही शांत झाल्या.

बोर्गहिल्डने वळून पाहिलं. स्टूलवर ओड-गाइर जागच्या जागी गोठला होता, दोन्ही हात मांडीवर, चेहरा रंग न लावता पांढराफटक. गज स्टाइनारच्या हातात होता. हेडफोन त्याच्या गळ्यात लोंबत होते.

"चौथीच्या मध्ये मला कळलं, हा हलत नाहीये," स्टाइनार म्हणाला. त्याला धाप लागली होती. "पण मध्येच काढला असता तर तुमचा हात झटकला गेला असता. म्हणून शेवटपर्यंत थांबलो."

टोर्लाइव पण असाच थांबायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"माफ करा, बाई," ओड-गाइर पुटपुटला. "तुमचे डोळे. ते माझ्याकडे बघत होते, पण तुम्ही नव्हता तिथं. मला हातच उचलता येईना."

दार उघडलं. उंबऱ्यात गुन्वाल्ड उभा होता, आणि त्याच्या छातीशी आग विझवायचं लाल नळकांडं.

"सहाव्या फेरीला मी आत येणार होतो," तो म्हणाला.

बोर्गहिल्डला श्वास घ्यायला जरा वेळ लागला. "तू मोजत होतास?"

"दाराबाहेर उभं राहिलं की ऐकू येतं."

"तुमच्या घरात तर फिडल पाप ना रे?"

"पाप आहेच," गुन्वाल्ड म्हणाला. "म्हणून तर पाचपर्यंत थांबलो." त्याने नळकांडं खाली ठेवलं, पण हात त्याच्यावरच राहू दिला. मग तो स्टाइनारकडे वळला. "तू तोच ना? पेपरातला?"

"हो."

"तिथं होतास?"

ओड-गाइर काही बोलायला गेला, स्टाइनारने त्याला थांबवलं. गज त्याने टेबलावर ठेवला, वॅफलपासून दूर.

"पंपावर होतो," तो म्हणाला. "सॉसेज खायला थांबलो होतो. दोघं होते, ते म्हणाले, चल येतोस का. कशाला जातायत ते मला कळलं होतं. मी म्हटलं, नाही येत. घरी गेलो आणि झोपलो."

"झोपलास," गुन्वाल्ड म्हणाला.

"झोप नाही लागली. पण अंथरुणात पडून राहिलो. जाऊ नका असंही म्हटलं नाही, फोनही केला नाही कुणाला. नंतर पोलिसांना सगळं सांगितलं. नावांसकट." त्याने केस डोळ्यांवरून मागे सारले. "आता आमच्यातलेही निम्मे लोक माझ्याशी बोलत नाहीत. हा बोलतो."

"ढोलवाले मिळत नाहीत," ओड-गाइर हळूच म्हणाला.

कुणी हसलं नाही. बोर्गहिल्डला वाटलं, आपण काहीतरी बोलावं, जाऊ दे म्हणावं. पण जाऊ देण्यासारखं ते नव्हतं, आणि शाळेतही तिने चुकीच्या गणिताखाली कधी बरोबरची खूण केली नव्हती. तिने आपलं उजवं कोपर चोळलं. तिथे त्याच्या तळहाताची ऊब अजून होती. आपण कुणाला बसवलं, आणि कोण उठून आलं. ही चूक मात्र तिची होती.

ती उठली, कपाट उघडलं, कॉफीचा डबा काढला. सर्वांसमोर झाकण उघडून चर्चची चावी बाहेर काढली, तिला चिकटलेली पूड डब्यात झटकली आणि चावी दाराजवळच्या खिळ्याला लटकवली. मग चुलीवर किटली ठेवली.

ओड-गाइरने चावीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "म्हणजे कॉफी होती," तो म्हणाला.

"होती."

"बरं झालं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, आमच्या पायगुणाने संपली."

आता मात्र गुन्वाल्डच्या मिशीखाली काहीतरी हललं. तो बाकावर टेकला आणि त्याने न विचारता एक वॅफल उचललं.

कॉफी झाली, घोटभर पिऊन झाली, तेव्हा स्टाइनारने यंत्रातून टेप काढली. "सगळं आलंय यात. पाचही फेऱ्या."

ओड-गाइरची नजर त्या टेपवर खिळली. इतकं भयंकर, इतकं खरं काही त्याने कधीच ध्वनिमुद्रित केलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. तरी त्याने ती मागितली नाही.

बोर्गहिल्डने हात पुढे केला. स्टाइनारने टेप तिच्या तळव्यावर ठेवली, आणि ती कॉफीच्या डब्यात गेली.

"टेपच्या शेजारी कोण बसणार?" ती म्हणाली. "कुणीतरी घरी एकटा बसून ऐकेल, आणि हात लावून बघेल. असं नाही द्यायचं ते. दर मंगळवारी यायचं. बोटं वळतायत तोवर मी वाजवून दाखवेन. नंतर तोंडाने सांगेन, माझ्या आजीने सांगितलं तसं. धून आली की मग घाला ती तुमच्या त्या गोंगाटात, मला चालेल. पण सांगायचं, कुणाकडून आली. ग्यूरोकडून बोर्गहिल्डकडे, बोर्गहिल्डकडून."

"ओड-गाइरकडे?" ओड-गाइरने विचारलं.

"स्टाइनारकडे."

"मी ढोल वाजवतो, बाई. फिडल मी हातातही धरलेलं नाही."

"फिडल नंतर. ही धून आधी पायांत बसते. तुझ्या पायात ती अर्धी गेलीच आहे, नाहीतर तो दुसरा ठोका तुला सापडला नसता."

"आणि मी?" ओड-गाइर म्हणाला.

"तू त्याच्या कोपराशी बसायचं."

"पण मी तर घाबरलो."

"म्हणून तर. आता धून काय करते ते तू पाहिलंयस. न घाबरणाऱ्याला मी त्या स्टूलवर बसवणार नाही." ती थोडी थांबली. "पुढच्या वेळी घाबरत घाबरत हात उचलायचा. तेवढंच शिकायचंय तुला."

गुन्वाल्डने खिडकीचा पडदा सारून बाहेर पाहिलं. उजेड उतरत होता. "सहाला पाळी आहे आपली," तो म्हणाला. चावीकडे त्याने पाहिलं, मग त्या दोघांकडे, आणि पुन्हा चावीकडे. तिला खिळ्यावरून काढून खिशात घालावं असं त्याच्या मनात होतं, ते बोर्गहिल्डला दिसत होतं. तो उठला नाही. पण लाल नळकांडं त्याने पायाने स्वतःजवळ ओढून घेतलं.

बोर्गहिल्डला वाटलं, हेही बरोबरच आहे. तिच्याही छातीतलं ते पाखरू अजून पुरतं बसलं नव्हतं. मंगळवारी ही दोघं येतील की नाही, कुणी सांगावं. तोवर बोटं तरी वळतील की नाही.

"सहाला अजून दीड तास आहे," ती म्हणाली. "स्टाइनार, बूट घाल."

"बूट?"

"मोज्यांनी आवाज येत नाही. घाल, मी आज जमीन पुसलेली नाही. डावा पाय सरळ टाक. हं. आता उजवा, जरा मागून. इतका उशिरा नाही."

तो आपटू लागला. फळ्या थरथरल्या, कप बशांमध्ये किणकिणले. बोर्गहिल्ड डोळे मिटून ऐकत होती आणि ओठांत ग्यूरोची धून हळू म्हणत होती, अगदी थोडी, एका फेरीला पुरेल इतकीच. ओड-गाइर स्टाइनारच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला होता. गज नव्हता, फिडल नव्हतं, तरी त्याचा हात तयार होता.

"चुकलं," ती म्हणाली. "पुन्हा."